बॉनेटकाका

रविवारी सकाळी नऊच्या सुमारास आमच्या सोसायटीच्या पार्किंगमधून 'खट्' असा आवाज येतो. हा बॉनेट उघडल्याचा आवाज. पुढच्या पाच मिनिटांत तिथं निदान चार माणसं जमतात, आणि त्यांतली तीन दूध आणायला निघालेली असतात. कुणाच्या घरी त्या दिवशी चहा किती वाजता होणार, हे मग गवळ्यावर अवलंबून राहत नाही. ते काकांवर अवलंबून असतं.

काकांचं खरं नाव मेंटेनन्सच्या पावतीवर आहे. एरवी सगळे त्यांना बॉनेटकाका म्हणतात. वॉचमनसुद्धा, पण पाठीमागे. काकूंच्या कानावर हे नाव गेलं तेव्हा त्या म्हणाल्या, "बरोबरच आहे. चाळीस वर्षांत माझ्याकडे कधी इतकं वाकून बघितलं नाही."

काका इंजिनिअर असतील असा नव्या बिऱ्हाडकरूंचा समज होतो. ते सरकारी खात्यात अकाउंट्सला होते. इंजिनाशी त्यांचा नोकरीतला संबंध एवढाच, की साहेबांच्या जीपचं पेट्रोलचं बिल ते पास करत. म्हणजे बरेचदा करत नसत. पण चेतक स्कूटर त्यांनी सत्तावीस वर्षं वापरली. ज्यानं चेतक इतकी वर्षं चालू ठेवली, त्याला मेकॅनिकलची पदवी वेगळी घ्यावी लागत नाही. सकाळी स्कूटर एका अंगाला आडवी करायची, दहा किका मारायच्या, नाही झाली तर प्लग काढून पॉलिश पेपरनं घासायचा, फुंकर मारायची, पुन्हा बसवायचा. या सगळ्या खटाटोपातून काकांच्या हाती एक तत्त्वज्ञान लागलं, आणि ते एका शब्दात मावतं. तो शब्द म्हणजे 'कचरा'.

गाडी मिसिंग करते? कचरा आलाय. मिक्सर फिरत नाही? कचरा. गीझरचं पाणी तापत नाही, टीव्हीला मुंग्या दिसतात, नातवाला भागाकार जमत नाही, सगळीकडे कुठेतरी कचरा आलेला असतो आणि तो साफ केला की काम होतं. काकूंचे गुडघे दुखायला लागले तेव्हाही काकांनी अस्थिरोगतज्ज्ञांना विचारलं होतं, "सांध्यात कचरा तर नाही ना?" डॉक्टर म्हणाले, तसंच काहीसं म्हणता येईल. त्या दिवसापासून काका त्या डॉक्टरांना शहरातले एकमेव डॉक्टर मानतात.

पण काळ बदलला आणि काकांवर बेकारी आली. कार्बोरेटर गेला, तिथं इंजेक्शन आलं. पॉइंट गेले, चोक गेला. आताच्या गाडीचं बॉनेट उघडलं की आत प्लॅस्टिकचं एक मोठं झाकण दिसतं, आणि त्यावर कंपनीचं नाव. ताटावर ताट झाकून ठेवल्यासारखं. आत काय शिजतंय ते पाहुण्यानं विचारायचं नाही. हात घालावा म्हटलं तर बोट जात नाही. जे काही आहे ते कॉम्प्युटरला कळतं, आणि कॉम्प्युटर सर्व्हिस सेंटरला जाऊन सांगतो. सबंध इंजिनात मालकाला उघडता येईल, समजेल आणि ज्यात हमखास कचरा सापडेल अशी एकच जागा उरली : कोपऱ्यातला तो काळा डबा. एअर फिल्टर.

मग काकांनी आपली सगळी विद्या त्या एका डब्यात ओतली.

गाडीबरोबर मिळालेलं मॅन्युअल आपण पीयूसीचा कागद चुरगळू नये म्हणून वापरतो. काकांनी ते वाचलंय. पेन्सिलीनं खुणा करून वाचलंय. बऱ्याच पेट्रोल गाड्यांना साधारण ४०,००० किलोमीटरला फिल्टर बदला आणि धुळीच्या रस्त्यावर चालवत असाल तर त्याआधीच, हे वाक्य त्यांना पाठ आहे. 'धुळीच्या रस्त्यावर' हे शब्द उच्चारताना ते क्षणभर थांबतात आणि गेटबाहेर बघतात. आमची सोसायटी पुण्यात, सिंहगड रस्त्याला आहे. उड्डाणपुलाचं काम चाललेली ती वर्षं आम्ही काढली आहेत. तेव्हा खिडकीच्या कट्ट्यावर बोटानं नाव लिहिता यायचं, ते दुपारी पुसलं जायचं आणि संध्याकाळी पुन्हा लिहिता यायचं.

"आता मला सांग," काका लिफ्टमध्ये कुणालाही गाठून विचारतात, "गाडी कशावर चालते?"

माणूस बिचारा पेट्रोल म्हणतो.

"चूक! हवेवर चालते. पेट्रोल नुसतं तोंडी लावायला."

त्यांचा हिशेब असा. एक किलो पेट्रोल नीट जळायला १४.७ किलो हवा लागते. लिटरभर पेट्रोलचं वजन पाऊण किलोच्या आसपास. म्हणजे लिटरमागे अकरा किलो हवा. आणि हवा तर हलकी. अकरा किलो हवा म्हणजे जवळपास नऊ हजार लिटर. इथं काका आवाज खाली आणतात. "आपल्या सोसायटीत पाण्याचा टँकर येतो ना, दहा हजारांचा? तसा एक टँकर हवा. एका लिटरला! पस्तीस लिटरची टाकी फुल केलीस की तुझं इंजिन पस्तीस टँकर हवा ओढतं. सिंहगड रस्त्याची हवा! आणि मध्ये कोण उभं आहे? एक कागद."

हिशेब चोख आहे. अकाउंट्सच्या माणसाचा आहे. लिफ्टचं दार उघडतं तेव्हा समोरच्या माणसाला स्वतःलाच धाप लागलेली असते.

तो कागद मात्र दाखवण्यासारखा असतो. खास कागदाच्या बारीक बारीक घड्या, साडीच्या निऱ्या कराव्यात तशा, आणि भोवती रबराची कड. घड्यांमुळे हातभर चौकटीत कितीतरी मोठा कागद मावतो. धूळ त्यात अडकते, हवा पलीकडे जाते. किंमत लहान गाडीला तीन-चारशे रुपये. तो आणायला काका ऑनलाइन जात नाहीत, नाना पेठेत जातात. जुना फिल्टर सँपल म्हणून पिशवीत घेऊन, पीएमपीच्या बसनं, ज्येष्ठ नागरिकाच्या पासावर. दुकानदार विचारतो, मॉडेल कुठलं, साल कुठलं, पेट्रोल का डिझेल, कंपनीचा देऊ का लोकल. काका चार दुकानं फिरतात, चाळीस रुपये वाचवतात, तिथंच अमृततुल्यमध्ये दोन चहा घेतात आणि संध्याकाळी 'काम झालं' म्हणून घरी येतात.

मोडीत काढलेले फिल्टर ते टाकून देत नाहीत. माळ्यावर सात आहेत. "अडीअडचणीला असू द्यावेत," असं म्हणतात. फिल्टरवाचून कुणाचं रात्री-अपरात्री अडल्याचं ऐकिवात नाही. पण दर दिवाळीच्या साफसफाईत काकू ते सात जिन्यात आणून ठेवतात आणि दर भाऊबीजेला ते सात परत माळ्यावर गेलेले असतात.

सर्व्हिस सेंटरशी काकांचं उभं वैर आहे. आपण गाडी देऊन येतो, अकरा वाजता फोन येतो. "सर, तुमचा एअर फिल्टर पूर्ण चोक झालाय." आयसीयूच्या दारात येऊन नातेवाइकांना सांगावं तसा आवाज. आपण मीटिंगमध्ये असतो, 'टाका बदलून' म्हणतो. काकांना हा फोन येत नाही, कारण काका गाडी देऊन येतच नाहीत. काचेच्या अलीकडे उभे राहून पलीकडच्या आपल्या गाडीवर नजर ठेवतात. बिलात फिल्टर दिसला की म्हणतात, "जुना दाखवा." जुना दाखवला की म्हणतात, "हा माझा नाही. माझ्यावर मी पेनानं खूण केलीय." तिथल्या पोरांनी आता काकांची गाडी आली की जेवणाची सुट्टी लवकर घ्यायची असं ठरवलंय.

दोन-तीन गोष्टींत मात्र काकांचा शब्द खरोखर शेवटचा आहे. बी विंगमधल्या एकानं फिल्टर साबणाच्या पाण्यात धुऊन दोरीवर वाळत घातला होता. काकांनी तो स्वतःच्या हातानं उतरवला आणि दोन दिवस त्या गृहस्थांशी बोलले नाहीत. कागदाचा फिल्टर धुवायचा नसतो. झटकायचा, फार तर पंक्चरवाल्याकडे हलकी हवा मारून घ्यायची, तीही आतून बाहेर, नाहीतर धूळ आणखी आत बसते. आणि एसीला वास येतो म्हणून बॉनेट उघडून उपयोग नसतो. केबिनचा फिल्टर वेगळा, तो बहुतेक गाड्यांत डॅशबोर्डच्या कप्प्यामागे असतो. हे काकांनी एका वहिनींना समजावलं, फक्त आधी त्यांचा इंजिनाचा फिल्टर बदलून झाल्यावर.

२०२०च्या लॉकडाउनमध्ये तर काका सोसायटीचे हिरो झाले होते. तीन महिने हलली नव्हती अशी एक गाडी सुरू होईना. काकांनी डबा उघडला. आत उंदरानं संसार थाटलेला : शेंगांची टरफलं, सीटच्या कव्हरमधला फोम आणि कुणाच्या तरी देवघरातल्या कापसाच्या वाती, एकावर एक व्यवस्थित रचलेल्या. "कचरा," काका एवढंच म्हणाले. पण ते असे म्हणाले, की जन्मभराची थिअरी त्या दिवशी सिद्ध झाली.

मध्यंतरी मला एक दुर्बुद्धी सुचली. अमेरिकेच्या ओक रिज प्रयोगशाळेचा २००९ सालचा एक अहवाल माझ्या वाचनात आला. इंजेक्शनच्या आधुनिक पेट्रोल गाड्यांत फिल्टर घाण झाला म्हणून मायलेज कमी होत नाही, असं त्यात निघालं होतं. हवा कमी आली की कॉम्प्युटर पेट्रोलही तेवढंच कमी सोडतो. मी हे काकांना सांगितलं. काकांकडे १९९८पासूनची मायलेजची डायरी आहे, टाकी फुल टू फुल, दोन दशांश स्थळांपर्यंत. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, की जणू मी डायरीवर चहा सांडला.

"अमेरिकेत धूळ कुठाय?" ते म्हणाले.

"काका, पण प्रयोगशाळेत…"

"त्यांना म्हणावं, आमच्या वडगावच्या पुलाखालून एकदा गाडी काढा आणि मग लिहा."

मी पुढं वाचून दाखवलं की मायलेज नाही, पण पिकअप मात्र मंदावतो. काकांचा चेहरा एकदम उजळला. "बघ! मी दुसरं काय सांगतोय? पिकअपच! मायलेजचं कोण बोललं?" आणि त्यांनी डायरी हळूच पाठीमागे धरली.

काकांना गप्प करताना मी एकदाच बघितलंय, आणि ते काम त्यांच्या फलटणच्या धाकट्या भावानं केलं. ते चार दिवस राहायला आले होते. रविवारी पार्किंगमध्ये हा सोहळा त्यांनी पायरीवर बसून, तंबाखू मळत, शेवटपर्यंत बघितला. मग म्हणाले, "दादा, आमच्या ट्रॅक्टरला कागद नाय. खाली वाटीत तेल असतंय. हवा त्या तेलावरनं वळसा मारून जाती, धूळ बसती तेलात. मळणीच्या दिसांत रोज सकाळच्याला वाटी सोडवायची, गाळ वतून द्यायचा, नवं तेल भरायचं. पाच मिन्टं. आन् बगायला कुत्रं बी येत नाय."

काका बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "म्हणून तर शहरात आलो."

आता माझ्या गाडीची गोष्ट. चूक माझीच. लिफ्टमध्ये सहज बोलून गेलो, "हल्ली चढावर गाडी उचलत नाही." चौथा मजला ते तळमजला एवढ्या वेळात रविवार ठरला.

नऊ वाजता 'खट्' झालं. बॉनेटचा दांडा लागला. काकांनी आधी इंजिनवर तळहात धरून ते गार आहे ना बघितलं, आईनं पोराच्या कपाळाला हात लावावा तसं. मडगार्डवर जुना पेपर अंथरला. खांद्यावर दोन फडकी. "नियम एक : उघडण्याआधी मोजायचं. क्लिपा किती?"

"चार."

"मोठ्यानं."

"चार!" मी म्हणालो. दूध आणायला निघालेलेही म्हणाले.

स्क्रूड्रायव्हरच्या टोकानं एकेक क्लिप उडाली. झाकण पुरतं निघत नाही, कारण त्याला इंजिनाकडे जाणारा जाडजूड घड्यांचा पाइप असतो. दाताच्या डॉक्टरपुढे उघडावा तितकाच जबडा उघडतो. त्या फटीतून काकांनी फिल्टर तिरका करून अलगद ओढला. नवा असताना जो पांढरा असतो, तो मातीच्या रंगाचा झाला होता. घड्यांत एक कडुलिंबाची काडी, दोन पतंग, अर्धं पिंपळपान आणि बाकी सिंहगड रस्ता. काकांनी तो सूर्याकडे धरला. पलीकडून उजेड आला नाही. मग फिल्टर हातोहात फिरला. प्रत्येकानं आधी तो बघितला, मग मला बघितलं. मुलीच्या घरची माणसं जावयाच्या पगाराची स्लिप बघतात, त्या नजरेनं.

"इतके दिवस ही गाडी श्वास कशी घेत होती?" काका म्हणाले. मी मान खाली घातली.

मग त्यांनी कौतुकास्पद काळजी घेतली. पाइपच्या तोंडात एक फडकं बोळा करून बसवलं. "डबा पुसताना आत कणभर कचरा जाता कामा नये." दुसऱ्या फडक्यानं डब्याचा तळ पुसला. तेवढ्यात सेक्रेटरी आले, त्यांनी टँकरच्या बिलाचा विषय काढला, आणि काकांनी त्यांना एक लिटर पेट्रोलला एक टँकर हवा कशी लागते हे सुरुवातीपासून सांगितलं. सांगता सांगता नवा फिल्टर बसवला. रबराची कड खाचेत बसली की नाही हे बोटानं सगळीकडून दाबून बघितलं, करंजीची कड दाबतात तसं. झाकण टेकवलं. "क्लिपा मोजा!" एक, दोन, तीन, चार. "लाव स्टार्टर."

गाडी खुर्र् झाली, क्षणभर थरथरली आणि बंद पडली. पुन्हा लावली. पुन्हा तेच. डॅशबोर्डवर इंजिनाचा पिवळा दिवा लागला.

आमच्या सोसायटीत प्रत्येक जण एकेका विषयातला तज्ज्ञ आहे. एक म्हणाले बॅटरी. दुसरे म्हणाले, पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल घातल्यापासून हे असंच. आयटीतला पोरगा म्हणाला, सेन्सर गेला, स्कॅनर लावावा लागेल. सेक्रेटरी म्हणाले उंदीर. फलटणकर असते तर काय म्हणाले असते कोण जाणे. काकांचा चेहरा मात्र फिक्कट पडला होता. कपाळावर घाम. त्यांनी दोन्ही हात बॉनेटच्या कडेवर टेकवले आणि आपला शेवटचा आधार धरला.

"कचरा आलाय," ते पुटपुटले.

त्याच क्षणी दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून काकूंचा आवाज आला.

"अहो! ओट्याचं पिवळं फडकं खाली नेलंय का? इथं दूध उतू गेलंय!"

पार्किंगमध्ये शांतता पसरली. सगळ्यांनी काकांच्या खांद्याकडे बघितलं. खांद्यावर एकही फडकं नव्हतं. एक मडगार्डवर होतं, आणि ते निळं होतं.

काकांनी न बोलता चार क्लिपा उडवल्या. झाकणाचा जबडा उघडला, पाइपमध्ये दोन बोटं घातली आणि पिवळं फडकं बाहेर काढलं. झटकलं. नीट चौघडी घातली. मग सगळ्या जमावाकडे सरळ बघत म्हणाले,

"म्हटलं होतं ना? कचराच होता."

गाडी पहिल्या स्टार्टरला लागली. काका शेजारी बसले आणि आम्ही नवले पुलापर्यंत जाऊन आलो. "बघ, कशी उचलते!" ते चढावर म्हणाले. फरक मला काही कळला नाही, पण सकाळच्या मानानं ती खरंच उचलत होती. सकाळी तिच्या तोंडात बोळा होता. मी म्हटलं, "हो काका, उचलते." परत आल्यावर त्यांनी डायरी काढली आणि 'क्लिपा'च्या रकान्याशेजारी पट्टी धरून एक नवा रकाना आखला. वर लिहिलं : फडकी. खाली : आत २, बाहेर २.

तर तुमच्या गाडीचे ४०,००० किलोमीटर झाले असतील, तर हे काम घरी करता येतं आणि त्याला दहा मिनिटं लागतात. सोसायटीत एखादे काका असतील तर अर्धा रविवार लागेल, पण तो वाया जात नाही. इंजिन गार असू द्या. क्लिपा उघडण्याआधी मोजा. बॉनेट लावण्याआधी फडकी मोजा. आणि दूध आधी घरी देऊन या.